हुसेनच्या घोड्यावर स्वार का नाही?

शिसपेन्सिल

आपल्या कोल्हापुरात घोडा म्हटला की त्यावर कुणीतरी बसलेलं असतं. कावळा नाक्याला ताराराणी, विद्यापीठाच्या आवारात शिवाजी महाराज, दिवाळीत पोरांच्या किल्ल्यावर कुंभार गल्लीतले घोडेस्वार. इथला चित्रकार घोडा काढतो तो स्वारासाठी. घोडा डौलदार पाहिजेच, पण बघणाऱ्याची नजर शेवटी वर जिरेटोपावर गेली पाहिजे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. 'घोडा काढा' म्हटलं की निम्मी मुलं सुरुवात तलवारीपासून करतात.

त्यामुळं मकबूल फिदा हुसेन यांचे घोडे वर्गात दाखवले की एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, ह्याच्यावरचा माणूस कुठं गेला?"

प्रश्न पोरकट वाटतो, पण मला तो सगळ्यात नेमका वाटतो. हुसेनच्या बहुतेक घोड्यांवर कुणी नाही. खोगीर नाही, रिकीब नाही, पुष्कळदा लगामही नाही. मान मागं वळलेली, तोंड उघडं, दात दिसताहेत, पुढचे पाय हवेत. एकटा नसेल तर दोन-तीन घोडे एकमेकांत गुंतलेले, कुणाचा पाय कुणाचा ते कळू नये असे.

थोडी पार्श्वभूमी. हुसेनचा जन्म 17 सप्टेंबर 1915 चा, पंढरपूरचा. आई तान्हेपणीच गेली. वडील त्याला घेऊन इंदूरला गेले. तिथं मोहरमच्या मिरवणुकीत दुलदुल निघायचा, म्हणजे इमाम हुसेनच्या घोड्याचं प्रतीक. ही लहानपणीची आठवण पुढं त्यानं स्वतःच बऱ्याचदा सांगितली आहे. पुढं 1952 मध्ये तो चीनला गेला, तिथं तांग राजवटीतली भाजक्या मातीची घोडी पाहिली. त्याच सुमाराला युरोपात जाणं झालं, तिथल्या मारिनो मारिनी या इटालियन शिल्पकाराचे घोडे त्याला भावले. 1950 च्या दशकात त्याच्या चित्रात घोडा आला तो 2011 मध्ये लंडनला त्याचा मृत्यू होईपर्यंत गेला नाही.

तांगची घोडी आणि मारिनी यांच्यावर समीक्षक भरपूर लिहितात. मला मात्र दुलदुल महत्त्वाचा वाटतो. करबलाच्या लढाईत इमाम हुसेन पडले आणि त्यांचा घोडा एकटाच तंबूकडं परत आला, अशी ती कथा. मिरवणुकीतल्या त्या घोड्याची पाठ रिकामी असते आणि लोक रडतात ते त्या रिकाम्या पाठीकडं बघून. हे ज्यानं पाच-सहा वर्षांच्या वयात पाहिलं, त्याच्या मनात घोडा म्हणजे 'मागं राहिलेला' असंच बसलं असणार. ती मागं वळलेली मान मला त्याचमुळं तशी दिसते.

जाणकारांनी आपली मतं मांडावीत. सहमत व्हाच असं नाही.

तिरपीरेघ

सर, मी सहमत नाही.

चित्रकाराचं लहानपण शोधून चित्राला चिकटवायची आपल्याला फार हौस. मी शिकले कोल्हापुरात, जाहिरातीत काम करते पुण्यात, त्यामुळं मला आधी हात दिसतो. हुसेन मुंबईत आला तेव्हा पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवायचा. परांचीवर उभं राहून वीस-तीस फुटांचा चेहरा रंगवताना पूर्ण चित्र डोळ्यांपुढं नसतंच. मनगटानं काम होत नाही, खांद्यातून फटकारा मारावा लागतो. रेघ एकदा ओढली की ओढली. त्याआधी बडोद्याला मदरशात असताना तो अरबी सुलेखन गिरवत होता, म्हणजे बोरूची जाड-बारीक रेघ लहानपणीच हातात बसलेली. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर त्या हाताला सगळ्यात सोयीचा विषय कुठला? कपाळापासून मान, पाठ, पुठ्ठा, शेपूट अशी एका दमात ओढता येणारी रेघ दुसऱ्या कुठल्या जनावरात आहे?

आता त्या पाठीवर माणूस बसवून बघा. रेघ बरोबर मध्ये तुटते. मांडी आडवी येते, अंगरखा येतो, हात लगामाकडं जातो. स्वार नाही कारण तो रेघेच्या आड येतो. याच्यात करबला कशाला?

गंगावेसवाला

सर, धागा नाद खुळा. मला चित्रातलं काय कळत न्हाई, पर घोड्यातलं कळतंय. आमचा आजा टांगा हाकायचा. स्टँड ते अंबाबाईचं देऊळ, कधी रंकाळा. घरात घोडं, म्हणजे घरातलंच माणूस.

सरांनी टाकलेली चित्रं बघितली. पाय चुकल्यात, मान लईच जाड हाय, खूर म्हणायचं तर खूर न्हाईतच. पर तोंड बघा. घोडं बिथरलं की कान मागं चिकटत्यात, नाकपुड्या फुगत्यात, डोळ्याचं पांढरं दिसाय लागतं आणि वरचा ओठ उचलून दात बाहेर येत्यात. हे सगळं त्या माणसानं बरोबर काढलंय. ज्यानं घोड्याला जवळनं भ्यालेलं बघितलंय त्योच हे काढंल.

आणि मागं वळल्याल्या मानंचं म्हणाल तर त्यात लई गूढ काय न्हाई. घोड्याचं डोळं दोन बाजूला. अगदी नाकाम्होरचं आणि नेमकं पाठीमागचं त्याला दिसत न्हाई. मागं कायतरी खुट्ट झालं की मान वळवतंय. म्हणून तर टांग्याच्या घोड्याला झापडं बांधायची, न्हाईतर ट्रकचा भोंगा वाजला की गडी उधळलाच. हुसेनच्या एकाबी घोड्याला झापडं न्हाईत. त्ये सगळं बघतंय, म्हणून ते तसं झालंय.

आजराघनसाळ

गंगावेसवाला, तुमच्या एका प्रतिसादात कॅटलॉगमधल्या लेखापेक्षा जास्त माल आहे. _/\_

रोखठोक

पाय चुकलेत हे टांगेवाल्याच्या नातवालाही दिसतं, फक्त समीक्षकांना दिसत नाही. आमच्या कोल्हापूरची परंपरा आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांची. इथं आधी काढता यायला लागतं, मग मोडायचं. जी. कांबळे यांनीही सिनेमाचे बॅनरच रंगवले, पण त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र महाराष्ट्र शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं. होर्डिंगमुळं हात बिघडतो असं काही नाही. हुसेनला घोडा येत नव्हता एवढंच.

आणि त्यानं काढलेल्या हिंदू देवतांच्या नग्न चित्रांचं काय? तो विषय कुणी काढणार नाही इथं.

शिसपेन्सिल

रोखठोक, दुसरा मुद्दा आधी संपवतो. 1996 नंतर त्या चित्रांवरून वाद पेटला, खटले झाले, 2006 पासून तो देशाबाहेर राहिला. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अश्लीलतेचे खटले रद्द केले, 2010 मध्ये त्यानं कतारचं नागरिकत्व घेतलं आणि पुढच्या वर्षी तो गेला. लोकांची मनं दुखावली हेही खरं आणि म्हाताऱ्या माणसाला परदेशात मरावं लागलं हेही खरं. यावर भांडायचं तर वेगळा धागा काढा, मी येईन. इथं घोडे बांधलेत.

आता 'येत नव्हता' याबद्दल. घोडा धावताना चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हे 1878 पर्यंत कुणाला खात्रीनं माहीत नव्हतं. कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं धावपट्टीकडेला ओळीनं कॅमेरे मांडून फोटो घेतले तेव्हा कळलं की सुटतात, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे चित्रकार पुढचे पाय पुढं, मागचे मागं ताणून हवेत दाखवत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात झेरिको या फ्रेंच चित्रकाराचं 1821 चं एप्समच्या शर्यतीचं चित्र आहे, त्यातले सगळे घोडे तसेच उडताहेत. जिवंत घोडा तसा कधीच पळत नाही. तरी ते चित्र बघताना घोडे पळतात आणि मायब्रिजच्या फोटोतले खरे घोडे मात्र जागच्या जागी गोठल्यासारखे दिसतात. बरोबर आणि चूक याचा हिशेब चित्रात इतका सरळ लागत नाही.

जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकारानं तर लिंकनशायरमधल्या एका वाडीवर दीड वर्ष राहून मेलेले घोडे टांगून एकेक थर सोलत चित्रं काढली आणि 1766 मध्ये अश्वशरीरावर पुस्तक छापलं. त्यानं 'व्हिसलजॅकेट' नावाचा घोडा जवळजवळ खऱ्या मापाचा रंगवलाय, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गंमत म्हणजे त्यावरही स्वार नाही आणि मागं निसर्गचित्रही नाही. फक्त घोडा. म्हणजे शरीर कोळून प्यायलेला माणूससुद्धा शेवटी तिथंच पोचला.

ओतारी

बऱ्याच दिवसांनी इथं लिहितोय. मी ब्राँझ ओतायच्या धंद्यातला.

पायांवर एवढी चर्चा चाललीये तर दोन गोष्टी सांगतो. आपण घोड्याच्या पुढच्या पायाचा 'गुडघा' म्हणतो ते त्याचं मनगट. मागच्या पायाला जो सांधा उलटा मोडल्यासारखा दिसतो ती टाच. घोडा एकेका बोटाच्या नखावर चालतो. खरा गुडघा आणि कोपर वर पोटाशी लागून असतात, म्हणून नवीन पोरं पाय काढताना हमखास फसतात. माणसाचा पाय मनात धरून काढतात आणि बकरी होते.

दुसरी गोष्ट कावळा नाक्याच्या ताराराणीची. रवींद्र मेस्त्रींचं काम. घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. रोज लाखभर माणूस खालून जातो, कुणी मान वर करत नाही. शिल्पात हा सगळ्यात अवघड प्रकार. चार पायांवरचा घोडा हे टेबल झालं, उभा करता येतो. दोन पायांवर सगळं वजन आलं की पुढचा भाग कायम खाली ओढत असतो. माद्रिदसाठी पिएत्रो ताका या इटालियन शिल्पकारानं चौथ्या फिलिप राजाचा असा पुतळा 1640 मध्ये पुरा केला, तेव्हा भार कसा पेलायचा हे गॅलिलिओनं सांगितलं असं म्हणतात. मागचं अंग भरीव आणि पुढचं पोकळ ठेवायचं, ही त्यातली युक्ती. शेपटीचा टेकूही घेतलाय. खुद्द लिओनार्दोला मिलानमध्ये असा उधळलेला घोडा करायचा होता, तो विचार त्याला सोडावा लागला आणि नंतरचा साधा चालणारा घोडासुद्धा ओतून झाला नाही.

चित्रकाराला हे काहीच सोसावं लागत नाही. कॅनव्हासवर घोडा हवेत ठेवला तरी पडत नाही. म्हणून हुसेननं पाय असे फेकलेत. आमच्याकडं तसे फेकले तर सहा महिन्यांत पोलीस येतील.

तिरपीरेघ

ओतारी, सुंदर! आणि माझाच मुद्दा आहे हा. माध्यम काय परवानगी देतं त्यावरनं घोडा ठरतो.

निपाणीवाला

दुलदुलवरून एक सुचलं. हुसेन पंढरपूरचा. पालखीत माउलींचा अश्व असतो त्याच्यावर कुणी बसत नाही, ते माउलींचं आसन. पुढं स्वाराचा घोडा, त्याच्या हातात पताका, आणि मागनं हा मोकळा घोडा रिंगणात सुटतो. दोन्ही घोडे आमच्याकडचे, अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातनं आळंदीला चालत जातात. रिंगण झालं की टापेखालची माती कपाळाला लावायला लोकांची झुंबड उडते.

म्हणजे पंढरपुरातही रिकामी पाठ, इंदुरातही रिकामी पाठ. सर, तुमचा मुद्दा आणखी पक्का होतो की नाही?

शिसपेन्सिल

मोह होतो, पण तसं म्हणवत नाही. पंढरपूर सोडलं तेव्हा तो अगदीच लहान होता. रिंगण पाहिल्याचं त्यानं सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. दुलदुलचं त्यानं स्वतः सांगितलंय, तिथंच थांबूया.

पण निपाणीवाला, तुमच्या प्रतिसादानं दुसरं काम झालं. माझ्या वर्गातली पोरं विचारतात ना, माणूस कुठं गेला? त्यांना आता रिंगण दाखवायचं. माउलींच्या अश्वावर कुणी दिसत नाही म्हणून तो मोकळा आहे असं एकही वारकरी म्हणणार नाही. दुलदुलवर जो नाही त्याचं दुःख आहे आणि माउलींच्या अश्वावर जो दिसत नाही तो आहेच. दोन्ही ठिकाणी बघायचं असतं ते पाठीवरच्या जागेकडं. हे ज्याला कळतं त्याला हुसेनचा घोडा अर्धवट वाटू नये.

तिरपीरेघ, तुमचं रेघेचं म्हणणं मला पटतं. स्वार आला की रेघ तुटते, खरंय. पण रेघच सांभाळायची तर बैल काय वाईट होता? 'जमीन' हे त्याचं 1955 चं मोठं चित्र, ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं. त्यात बैल आहे, शेतकरी आहे, बायका आहेत, गावगाडा आहे. पुढं त्यातलं बरंच काही मागं पडलं आणि घोडा उरला. हाताच्या सोयीनं साठ वर्षं कुणी एकाच जनावराकडं परत जात नाही.

तिरपीरेघ

जातात. विकलं जात असेल तर साठ काय, ऐंशी वर्षं जातात. घोडा हा हुसेनचा शिक्का झाला होता. उद्योगपतीच्या दिवाणखान्यात दुलदुल नको असतो, वेग हवा असतो. शेवटच्या वीस वर्षांतले कितीतरी घोडे मला पाठ केलेले वाटतात. सुरुवातीच्या घोड्यांत रंग थापलेला आहे, कुठं खरवडलाय, रेघ अडखळते. नंतर अडखळतच नाही. माझ्या मते तिथं काहीतरी गेलं.

शिसपेन्सिल

यावर मात्र वाद घालत नाही. नंतरच्या घोड्यांपैकी पुष्कळ माझ्याही मनात राहत नाहीत.

आजराघनसाळ

विकण्यावरून आठवलं. 2025 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेनचं 1954 चं 'ग्रामयात्रा' गेलं 1 कोटी 37 लाख डॉलरच्या वर, म्हणजे आपले 118 कोटी. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी किंमत. अनेक वर्षं ते ओस्लोच्या एका इस्पितळात भिंतीवर लटकत होतं म्हणे. आणि ते काही घोड्याचं चित्र नाही, खेड्यातली वेगवेगळी दृश्यं आहेत. म्हणजे सर्वांत जास्त भाव घोडे सुरू होण्याच्या वेळच्या हुसेनला.

अवांतर : हा माणूस अनवाणी का फिरायचा? स्टाइल?

शिसपेन्सिल

1964 मध्ये हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत त्यानं चपला काढल्या त्या काढल्याच, असं तो सांगायचा. पुढं त्याची स्टाइलही झाली, नाही असं नाही. प्रसिद्धीचं त्याला वावडं नव्हतं.

गंगावेसवाला

दुलदुलचं वाचून एक सांगायचं राहिलं. सर लांब इंदूरला कशाला जायचं, आपल्या मोहरमात बघा की. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर पंजा हाय, पंजा म्हंजी मोहरमात बसवायचं निशाण. घोड्याच्या नालेचा मान करत्यात. आणि आपल्याकडं पंजे बसवणारात हिंदू किती, मुसलमान किती, हे कुणी मोजत न्हाई. माझी आज्जी दर साली नारळ द्यायची, आजाचं घोडं नीट राहू दे म्हणून. नारळ घोड्यासाठी, आजासाठी न्हाई.

ओतारी

आज्जीला दंडवत.

रोखठोक

धागा चांगला चाललाय हे मान्य. मत बदललेलं नाही. हुसेननं एक तरी नीट घोडा काढून दाखवला असता तर मी बाकीचे मोडलेले मान्य केले असते. पण ओतारींचं वाचून काल कावळा नाक्यावर गाडी बाजूला लावून वर बघितलं. खरंच दोनच पाय टेकलेत. इतकी वर्षं तिथनं जातोय.

बारावीनंतरकाय

नमस्कार, मी चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सला आहे. सरांना विचारायचं होतं, हुसेनचे घोडे प्रत्यक्ष बघायला कुठं मिळतील? मोबाइलवर सगळे सारखेच दिसतात. रंगाचा थर वगैरे काही कळत नाही. आणि सरावासाठी घोडा कुठं बघू? आमच्या इथं गाढवं आहेत फक्त.

शिसपेन्सिल

'जमीन' दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडं आहे. अहमदाबादला वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आणि हुसेन यांनी मिळून केलेली 'अमदावाद नी गुफा' आहे. जमिनीखालच्या खोल्या आहेत आणि तिथल्या ओबडधोबड भिंती-छतावर त्यानं थेट रंगवलंय. कॅनव्हासची चौकट नसली की ती रेघ कशी पळते ते तिथं कळतं. जवळचं म्हणजे मुंबईत, फोर्टमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. तिथं प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळं हुसेन लागलेला आहे का ते आधी विचारून घे.

सरावासाठी चैत्रात जोतिबाला जा. पालखीबरोबर घोडे असतात. गर्दीत चित्र काढता येणार नाही, नुसता बघ. फोटोवरून घोडा काढू नकोस, निदान पहिलं वर्षभर तरी. आणि गाढवाला नावं ठेवू नकोस. पायाचे सांधे तेच, ओतारींनी सांगितलेले. शिवाय ते जागचं हलत नाही, तुला हवा तेवढा वेळ देतं.

गंगावेसवाला

पोरा, लग्नाच्या वरातीचं घोडं बघ. वरात सुरू व्हायच्या आधी अर्धा तास दारात उभं असतं. मालकाला च्या पाज, जवळ उभारू दील. मागनं मात्र जाऊ नको.

तिरपीरेघ

आणि मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार असशील तर सोमवारी सकाळी पोचू नकोस. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.